मुंबईत रोज जवळ बाळगायला, शर्टाखाली दिसणार नाही असं कॉम्पॅक्ट पिस्तूल कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की झवेरी बाजारातून बोरिवलीला माल आणि कॅश घेऊन जाता, गेल्या महिन्यात लायसन्स हातात आलं आणि आता ग्लॉक 19 घ्यावं की सिग पी365 यावर गाडी अडलीय. माझं लालबागला सोन्याचांदीचं छोटं दुकान आहे, पंधरा वर्षं झाली लायसन्सला, त्यामुळे तुमची काळजी मला अगदी आतून कळते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ग्लॉक आणि सिग डोक्यातून काढून टाका. दोन्ही 9 एमएमची आहेत आणि 9 एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापांत येतं, त्याचा परवाना गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि आपल्यासारख्या व्यापाऱ्याला तो मिळत नाही असंच धरून चाला. तुमच्या लायसन्सवर एनपीबी, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअर, लिहिलं असेल, नीट वाचून बघा. यूट्यूबवर जी माणसं बोलतात ती अमेरिकेतली, तिथे हे हत्यार दुकानात सरळ मिळतं, त्यांचा हिशोब वेगळा. पण त्यांची एक गोष्ट आपल्यालाही लागू आहे, ती लक्षात ठेवा: लपवायला त्रास नळीचा होत नाही, मुठीचा होतो. नळी पँटच्या आत जाते, मूठ बाहेर राहते आणि शर्टाला टोचून उठून दिसते. पी365 2018 ला आलं तेव्हा एवढं गाजलं ते याचसाठी, एवढ्याशा मुठीत त्यांनी 10 गोळ्या बसवल्या होत्या. तर तुम्ही जे काही बघायला जाल तिथे नळी किती इंच हे नंतर विचारा, आधी मूठ बघा.

आता आपल्याला खरोखर मिळतं काय, तर मुख्यतः .32. त्यातही दोन वेगवेगळ्या .32 आहेत आणि नवीन माणूस इथेच फसतो. पिस्तुलाची गोळी 7.65 एमएमची, तिलाच .32 एसीपी म्हणतात, आणि रिव्हॉल्व्हरची .32 एस अँड डब्ल्यू लाँग, ती लांब असते. एकीची दुसऱ्यात चालत नाही. पिस्तुलात सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं अशनी आहे, कोलकात्याकडच्या फॅक्टऱ्यांमधलं. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरची, म्हणजे जुनं ऑर्डनन्सचं साधारण 700 ग्रॅमचं, मग 2014 ला आलेलं निर्भीक जे टायटॅनियम अलॉयमुळे 500 ग्रॅमवर आलं (तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती), आणि 2023 ला आलेलं प्रबळ, त्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांची फिरती चकती, बाजूला उघडतं त्यामुळे भरायला सोपं. वेब्ले कंपनीची .32 रिव्हॉल्व्हरही आता उत्तर प्रदेशात हरदोईजवळ बनतात. बाकी वॉल्थर, बेरेटा, ब्राउनिंग ही जी विलायती नावं तुम्ही ऐकता ती बहुतेक जुनी आलेली, कारण ऐंशीच्या दशकापासून सर्वसामान्य लायसन्सवाल्यासाठी आयात बंद आहे, तीच हत्यारं हातोहात फिरतात आणि भाव ऐकून डोळे पांढरे होतात. चाळीस-पन्नास वर्षं जुनं स्प्रिंग आणि स्पेअर पार्टचा पत्ता नाही, अशा वस्तूवर जीव टांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी टांगणार नाही.

माझं पहिलं हत्यार चुकलं होतं ते सांगतो, तुमचे पैसे वाचतील. मी घेतलं होतं जुनं .25 चं, तळहातात मावणारं, पँटच्या खिशात टाकलं तरी कुणाला कळायचं नाही. दुकानात हातात घेतलं आणि खूश झालो. रेंजवर गेलो तर मुठीवर फक्त दोन बोटं बसायची, करंगळी हवेत, नेम धरायची साईट म्हणजे नुसता एक कंगोरा, सात मीटरवर पानभर कागदावर सात गोळ्यांतल्या तीन लागल्या. त्यात गोळ्या मिळायला मारामार, त्यामुळे प्रॅक्टिस नाही, प्रॅक्टिस नाही म्हणून भरवसा नाही. दीड वर्षात विकलं. जे पिस्तूल लपवायला सगळ्यात सोपं असतं ते चालवायला सगळ्यात अवघड असतं, हे मला पैसे घालवून कळलं.

म्हणून घ्यायला जाल तेव्हा डीलरकडे (हत्यार रिकामं आहे हे स्वतः चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या गोळीच्या घरात, बघून मगच) दोन गोष्टी करून बघा. पहिली, किमान अडीच बोटं मुठीवर पक्की बसली पाहिजेत आणि चापावर बोटाचं पहिलं पेर आरामात पोचलं पाहिजे. दुसरी, स्लाईड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, सलग दहा वेळा ओढा. छोट्या .32 मध्ये स्लाईड मागे जाऊ नये म्हणून तिला फक्त स्प्रिंग आणि स्वतःचं वजन धरून ठेवतं, आत लॉक वगैरे काही नसतं, त्यामुळे गोळी लहान असली तरी स्प्रिंग चांगलंच कडक असतं. माझ्या मोठ्या भावाची बोटं संधिवाताने आखडलीत, त्याला चौथ्या वेळेलाच जमेना, त्याने निर्भीक घेतलं आणि बरोबर केलं. घामट हाताने, घाबरलेल्या अवस्थेत स्लाईड ओढता येत नसेल तर ते पिस्तूल तुमचं नाहीच, मग रिव्हॉल्व्हर घ्या, तिथे नुसता चाप दाबायचा असतो, पण तो चाप जड असतो, त्याचीही सवय करावी लागते.

मी स्वतः गेली आठ वर्षं अशनी बाळगतो. चपटं आहे, रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरसारखा फुगवटा कमरेला येत नाही, आणि आपल्या उकाड्यात जेव्हा अंगावर एक कॉटनचा शर्ट सोडून काही नसतं तेव्हा हा फुगवटा नसणं फार मोठी गोष्ट असते. तुमच्या हाताला स्लाईड जमली तर माझं मत अशनीला, नाही जमली तर निर्भीक. पण प्रत्येक नग वेगळा निघतो, म्हणून घेतल्या घेतल्या रेंजवर नेऊन निदान पन्नास गोळ्या काढा. तुमच्या लायसन्सवर वर्षाला किती काडतुसं लिहिलीत ते बघून हिशोब करा आणि कंजूसपणा करू नका, प्रॅक्टिसला वापरलेली गोळी कधी वाया जात नाही.

अजून एक बारीक गोष्ट, ही मला डीलरने सांगितली नव्हती. आपली 7.65 ची गोळी बहुतेक करून खडकीची असते, बुडावर केएफ असा ठसा असतो बघा, म्हणजे किर्की फॅक्टरी. ह्या गोळीच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित बाहेर असते. अंगठ्याने फिरवून बघितलं की नखाला लागते. गोळ्यांचं मॅगझिन भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेच्या मागे अडकली तर वरची गोळी पुढे सरकतच नाही, पिस्तूल जाम होतं आणि स्लाईड ओढूनही सुटत नाही, मॅगझिन काढूनच सोडवावं लागतं. प्रत्येक गोळी भरताना वरची कड खालच्या कडेच्या पुढे आहे ना हे बघा, आणि भरून झालं की मॅगझिनची पाठ तळहातावर हलकी आपटा. माझं रेंजवर दोनदा जाम झालं तेव्हा कारण हेच होतं, तेव्हापासून एकदाही नाही.

आता लपवण्याबद्दल. आरशासमोर उभं राहून सगळंच लपलेलं दिसतं. माझी कसोटी शटरची आहे. रात्री साडेनऊला दुकान वाढवताना आपण काय करतो, हात वर करून शटर खाली ओढतो, मग वाकून कुलूप लावतो, कॅशची बॅग खांद्याला असते आणि पाठ रस्त्याकडे. कमरेच्या मागे होल्स्टर असेल तर वाकल्यावर शर्ट ताणला जातो आणि मूठ अख्खी उमटते, हात वर केला की शर्टच वर जातो. आणि नेमकी हीच वेळ अशी असते की कुणी टपून बसला असेल तर बघत असतो. मी पहिली दोन वर्षं मागेच लावत होतो, शेवटी बायकोने समोरच्या फुटपाथवरून बघून सांगितलं की अहो, सगळं दिसतंय. आता कमरेच्या उजव्या हाडाच्या जरा पुढे, पँटच्या आतलं होल्स्टर, शर्ट एक साईज मोठा, खाली सरळ कापलेला, आणि चेक्सचा किंवा बारीक डिझाइनचा कारण प्लेन पांढऱ्या शर्टावर सावलीसुद्धा उठते. पट्टा जाड आणि कडक घ्या, मऊ पट्ट्यावर अर्धा किलो लोंबकळतं आणि तुम्ही दिवसभर पँट वर ओढत बसता, त्यावरूनच माणूस ओळखू येतो. होल्स्टर असं हवं की चाप पूर्ण झाकला जाईल. पिस्तूल नुसतं खिशात किंवा बॅगेत किल्ल्यांबरोबर टाकायचं नाही म्हणजे नाही. तसंही आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये किंवा तशाच कव्हरमध्ये असावं लागतं, त्यामुळे होल्स्टर ही हौस नाही.

बोरिवलीला तुम्ही लोकलने जाता का ते लिहिलं नाहीत. मी हत्यार कमरेला असताना लोकलमध्ये चढत नाही. दादरला संध्याकाळी सहाला चारी बाजूंनी माणसं अंगावर असतात, कुणाचं कोपर कुठे लागेल सांगता येत नाही, तिथे तुम्ही त्याला सांभाळूही शकत नाही आणि वापरायचा तर प्रश्नच नाही. कॅश जास्त असेल त्या दिवशी टॅक्सी करा, वेळ रोज बदला, रस्ता बदला. ह्याने जेवढं संरक्षण होतं तेवढं कुठल्याही पिस्तुलाने होत नाही हे मी मनापासून सांगतोय.

एक रात्र सांगतो. गणपतीचे दिवस होते, आमच्या लालबागला तेव्हा रात्री अकरालाही पाय ठेवायला जागा नसते. शेजारच्या दुकानदाराच्या हातातली बॅग बाईकवरच्या दोघांनी ओढली, तो पडला, मी दहा पावलांवर. माझा हात कमरेपर्यंत गेला. बाईकच्या मागे रांगेतल्या बायका, लहान पोरं, फुगेवाला. हात तिथेच थांबला. बॅगेत चाळीस हजार होते, ते गेले. शेजारी दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, मग समजला. आत्मसंरक्षणाचा हक्क आपल्याला आहे, पूर्वी आयपीसीच्या 96 ते 106 कलमांत होता, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 मध्ये आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही हेही त्यातच लिहिलंय, पळून जाणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी कोर्टात समजावून सांगणं फार कठीण. ती कलमं एकदा वकिलाकडून समजून घ्या, पिस्तुलाच्या किमतीपुढे ती फी काहीच नाही.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची की नाही, तर निदान पहिलं वर्षभर ठेवू नका. ऑक्टोबर 2024 मध्ये जुहूला एका नावाजलेल्या अभिनेत्याला स्वतःच्याच लायसन्सच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली, ते सगळ्यांनी वाचलंय. रिव्हॉल्व्हर घेतलंत तर जुन्या मॉडेलमध्ये हॅमरखालचं, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या घोड्याखालचं, एक घर रिकामं ठेवायची जुन्या लोकांची पद्धत आहे, ती पाळा. घरी पोरं असतील तर आल्याबरोबर हत्यार तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कप्प्यात, चावी तुमच्याकडे.

लग्नात, वरातीत हत्यार न्यायचंच नाही. हवेत गोळी झाडली तर आर्म्स ॲक्टच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनातून जमा करायची नोटीस येऊ शकते, 2024 ला लोकसभा आणि विधानसभा दोन्हींना माझं जमा होतं. जमा करताना पावती घ्या, त्यावर नंबर बरोबर लिहिलाय का बघा, आणि देण्याआधी भरपूर तेल लावा, कारण परत मिळेपर्यंत ते कुठल्या कपाटात पडेल माहीत नसतं.

तेलाचं बोललो म्हणून सांगतो, मुंबईत गंज हा तुमचा रोजचा शत्रू असणार आहे. पहिल्या पावसाळ्यात मी एका रात्री दमून तसंच चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून झोपलो, सकाळी स्लाईडवर माझ्याच अंगठ्याचा ठसा उठला होता, तांबूस, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. घामातलं मीठ आणि समुद्राची हवा, एवढं पुरतं. आता घरी आलो की आधी रिकामं करतो, कोरड्या सुती फडक्याने पुसतो, मग तेलाचा हात फिरवतो, आणि चामड्यात ठेवत नाही, तिजोरीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून नुसतं ठेवतो, पुड्या महिन्याला बदलतो. रोज कमरेला राहिलेल्या गोळ्याही वर्षाने रेंजवर संपवून नवीन भरतो.

घेतल्यावर लगेच रस्त्यावर नेऊ नका. पंधरा दिवस घरात रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये लावून वावरा, जेवायला बसा, जिने चढा, चपला घालायला वाका. मग एखाद्या रविवारी दुकान बंद असताना तसंच रिकामं लावून शटर दहा वेळा ओढा आणि घरच्या माणसाला समोर उभं करून विचारा, काय दिसलं.