ब्लॉगिंगमुळे कुठल्या समाजात खरंच काही बदललं, की ते सगळं रिकामटेकड्यांचं लिखाण होतं?

'रिकामटेकड्यांचं' हा शब्द वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले. 2006 साली माझ्या मोठ्या दिरांनी हाच शब्द वापरला होता, तोही माझ्याबद्दल.

आम्ही तेव्हा नाशिकला होतो, मुलगा बालवाडीत. तो गेला की मी बराह या मराठी टाइप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ब्लॉगस्पॉट या फुकट ब्लॉगच्या साइटवर टाकायची. विषय काय, तर कुरडया. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं, चीक शिजवताना गुठळी होऊ द्यायची नाही, आणि गच्चीवर सोऱ्या दाबता दाबता सासूबाई कुणाकुणाची उणीदुणी काढायच्या, तेही सगळं. भाऊजी स्वतः वर्तमानपत्रांना वाचकांची पत्रं पाठवत. छापून आलेली कात्रणं तारखेसकट वहीत डकवलेली. संपादकाने निवडलं तेच लिखाण, असं त्यांचं ठाम मत.

11 जुलैला मुंबईत लोकलमध्ये स्फोट झाले आणि पुढच्या काही दिवसांत माझा ब्लॉग उघडेना. गंमत म्हणजे आत जाऊन लिहिता येत होतं, लिहिलेलं दिसत मात्र नव्हतं. मी मोडेम तीनदा बंद-चालू केला. मग पेपरात आलं की दिल्लीहून मोजक्याच पानांवर बंदीचा आदेश निघाला होता, पण इंटरनेट कंपन्यांनी अख्खा ब्लॉगस्पॉटच बंद करून टाकला. जेवताना भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, "सरकारने बंद केलं म्हणजे काहीतरी लिहिलं असशीलच की." कुरडयांवर! सासूबाईंच्या चेहऱ्यावर असा भाव, जणू त्यांची उणीदुणी थेट गृहमंत्र्यांनी वाचली.

बरं, तुमचा प्रश्न. इराणमध्ये 2000 साली सुधारणावादी वर्तमानपत्रं एकामागून एक बंद पाडली. पुढच्याच वर्षी टोरांटोत राहणाऱ्या होसेन देरख्शानने फारसीत ब्लॉग कसा काढायचा ते सोपं करून लिहिलं आणि लोक त्यावर तुटून पडले. छापायला दुसरी जागाच उरली नव्हती. बांगलादेशात 1971 च्या युद्धगुन्हेगारांना फाशी द्या म्हणणारं 2013 चं शाहबाग आंदोलन ब्लॉगर मंडळींच्या हाकेवर सुरू झालं. दोन वर्षांनी मुक्तविचारी ब्लॉगर अभिजित रॉय ढाक्याच्या पुस्तकमेळ्यातून परतत होते, तेव्हा त्यांना रस्त्यात कापून काढलं. रिकामटेकड्यांवर कुणी असं टपून बसत नाही.

पण मला जपानचं उदाहरण जास्त प्रिय आहे, आणि भाऊजींना सांगायचं तेच राहून गेलं. 2006 च्या अखेरीस टेक्नोराटी या ब्लॉग शोधून मोजणाऱ्या साइटने मोजलं तर जगातल्या ब्लॉगलेखनात जपानी भाषा पहिली, 37 टक्के. इंग्रजी 36. आणि त्या जपानी लिखाणात पुष्कळसं रोजनिशीसारखं, आज काय खाल्लं, कुठे गेलो. म्हणजे त्यांच्या कुरडयाच! तेहरानच्या संपादकाला छापायची मुभा नव्हती, नाशिकच्या संपादकाला माझं छापायची इच्छा नसती. दोन्हीकडे माणसाने त्याला वळसा घातला, इतकंच. तेव्हा लिहायचं असेल तर लिहा, परवानगी मागत बसू नका. कात्रणांची वही असलेल्या माणसाकडे तर मुळीच नको.

हो, तुलना जरा ताणली मी. देरख्शान 2008 मध्ये तुरुंगात गेला तो 2014 मध्ये सुटला, माझा ब्लॉग आठवडाभर दिसला नाही. देरख्शान बाहेर येईपर्यंत ब्लॉगचे वाचक फेसबुकवर निघून गेले होते. मी तर बाहेरच होते, तरी 2012 नंतर ब्लॉगवर एक ओळ लिहिलेली नाही. मुलगा मोठा झाला, व्हॉट्सअ‍ॅप आलं, आळस म्हणा. भाऊजींची पत्रं मात्र अजून छापून येतात.

त्या जुन्या नोंदीखाली एप्रिल-मेमध्ये अजून कुणीतरी विचारतं, गव्हाला आंबूस वास येतोय, चालेल का? चालेल. बुरशी धरली असेल तर टाकून द्या.