आयरिशमधलं ‘ओरम’ आणि आपलं ‘लागणं’

शॉन ओ रीरदान या आयरिश कवीच्या आजारपणाच्या कविता मराठीत आणताना एकाला प्रश्न पडलाय: आयरिशमध्ये ताप माणसाच्या ‘वर’ असतो आणि लाजही ‘वर’च असते, म्हणजे आजाराची लाज त्या भाषेतच मुरलीये का? आणि हे ‘वर’ मराठीत कसं आणायचं?

मुरली आहे असं मला नाही वाटत. ‘आर’ म्हणजे वर. ते सर्वनामाशी जुळून एकच शब्द होतो: ‘ओरम’ म्हणजे माझ्यावर, ‘ओर्त’ म्हणजे तुझ्यावर. ‘ता नारे ओरम’, मला लाज वाटते. ‘ता स्लायदान ओरम’, मला सर्दी झालीये. पण ‘ता ओकरस ओरम’ म्हणजे मला भूक लागलीये! आता भुकेची कसली आलीय लाज? आयर्लंडच्या दक्षिणेला, कॉर्क परगण्याकडे, कुणाचा चेहरा उतरलेला दिसला की विचारतात, ‘काद ता ओर्त?’ शब्दशः ‘तुझ्यावर काय आहे?’, म्हणजे आपलं ‘काय झालंय तुला?’ निव्वळ विचारपूस. डागाला, कलंकाला त्यांच्याकडे ‘स्माल’ हा वेगळा शब्द आहेच.

ओ रीरदानच्या बाबतीत लाज व्याकरणात नव्हती, घराच्या बांधकामात होती. वडील क्षयाने गेलेले. 1938 मध्ये त्यालाही क्षय झाला आणि कॉर्कमधल्याच इनिसकारा गावातल्या घराला लागून त्याच्यासाठी वेगळी खोली उभी राहिली. घरात क्षय आहे हे फुटलं तर सोयरीक अडायची, त्यामुळे लोक नावही घेत नसत. त्याच्या ‘फीअव्रस’ (ताप) या कवितेत पलंगाचे डोंगर होतात, चादरींचा मुलूख होतो, खुर्ची जेमतेम आठवते. बसणं-उठणं कोसांवर राहिलेलं. कलंकाचा शब्द नाही, पण जगापासूनचं ते अंतर मला त्या खोलीचंच वाटतं.

अनुवादाचं म्हणाल तर ‘माझ्यावर ताप आहे’ असं कृपया लिहू नका. आपल्याकडे ‘लागणे’ आहे ना! भूक लागते, रोग लागतो, नजर लागते, बट्टा लागतो, ‘लागण’ही त्यातलीच. एका क्रियापदात भूक, आजार आणि कलंक. अडचण दोनच ठिकाणी: ताप ‘येतो’ आणि लाज ‘वाटते’. ‘लाज लागली’ असं कुणी म्हणत नाही. मी असतो तर तिथे लाज सोडून ‘बट्टा’ घेतला असता.