वाचकांचे प्रश्न : अंध खेळाडूंच्या स्पर्धेत मदत करताना

प्रश्न : मी बँकेत नोकरी करते आणि रोज सकाळी सणस मैदानावर धावते. दृष्टिबाधित खेळाडूंच्या स्पर्धांत स्वयंसेवक म्हणून काम करण्याची माझी इच्छा आहे, मात्र पूर्वानुभव काहीच नाही. मदतीच्या भरात आपल्याकडून त्यांना अवघडल्यासारखे होईल असे काही घडू नये, अशी धास्ती वाटते. मी कोणते काम घ्यावे?

— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : तुमची धास्ती रास्त आहे. डोळस माणूस मदतीला धावतो तेव्हा बहुतेक वेळा समोरच्याचा दंड धरून त्याला ओढू लागतो, आणि नेमके तेच टाळायचे असते. आधी आपले नाव सांगावे, मदत हवी का ते विचारावे आणि होकार मिळाल्यास आपला कोपर पुढे करावा, म्हणजे खेळाडू तो धरून तुमच्या अर्धे पाऊल मागून चालेल. पायरी आली की ती चढायची आहे की उतरायची, हेही सांगावे. निघताना ‘मी जाते’ असे न सांगता निघून गेल्यास तो माणूस रिकाम्या जागेशी बोलत राहतो. तेव्हा निरोप घेऊनच निघावे.

तुम्ही धावत असल्यामुळे सहधावकाचे, म्हणजेच गाइड रनरचे, काम तुम्हाला जमू शकेल. पॅरा अॅथलेटिक्समध्ये, म्हणजे दिव्यांगांच्या मैदानी स्पर्धांत, दृष्टी किती आहे त्यानुसार गट पडतात. दृष्टी जवळजवळ नसलेल्यांच्या टी११ गटात सर्व धावपटू डोळ्यांवर पट्टी बांधून सहधावकासोबत धावतात, त्याहून थोडी अधिक दृष्टी असलेल्यांच्या टी१२ गटात सहधावक घेणे ऐच्छिक असते, तर त्याहूनही अधिक दृष्टी असलेल्यांच्या टी१३ गटात तो नसतो. दोघांच्या हातांत एका छोट्या दोरीची टोके असतात. सहधावकाने वळण केव्हा येते, अंतर किती उरले, हे सांगत राहावे. धावपटूला ओढल्यास किंवा त्याच्याआधी अंतिम रेषा ओलांडल्यास धावपटूच बाद ठरू शकतो. शर्यत त्याची आहे, याचे भान नियमांनीच इतके काटेकोरपणे जपले आहे, हे मला फार मोलाचे वाटते. अर्थात तुमचा वेग त्याच्यापेक्षा सहज जास्त असायला हवा, कारण धावताना बोलण्याइतका दम तुमच्यापाशी उरला पाहिजे.

हे काम झेपणार नाही असे वाटल्यास इतर कामेही तितकीच गरजेची आहेत. अंधांच्या क्रिकेटमध्ये छर्रे भरलेला प्लास्टिकचा चेंडू खुळखुळतो आणि गोलबॉल या, चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलात टाकण्याच्या अंधांच्या सांघिक खेळातल्या चेंडूत घुंगरे असतात. त्या आवाजावरच खेळ चालत असल्याने खेळ सुरू असताना प्रेक्षकांना शांत ठेवणारी माणसे लागतात. टाळ्या गोल झाल्यावर वाजवाव्यात, हे नवख्या प्रेक्षकांना समजावून सांगण्यात बराच वेळ जातो.

कोरेगाव पार्क आणि कोथरूड येथे अंध मुलामुलींच्या शाळा आहेत. तिथे चौकशी करताना स्पर्धेच्या दिवसाबरोबर सरावासाठीही वेळ देण्याची तयारी सांगावी, कारण दोघांची पावले आणि हातांची लय जुळायला सरावच लागतो, आणि सरावाला येणारे स्वयंसेवक कमी असतात.