कॅमेरा न वापरता, फक्त प्रकाश आणि रंगांतून अमूर्त छायाचित्र करता येतं का?

हो, येतं, कॅमेऱ्याऐवजी प्रकाशसंवेदी कागदावर थेट प्रकाश टाकायचा. अशा चित्राला फोटोग्राम म्हणतात. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ॲना ॲटकिन्स यांनी १८४३ मध्येच समुद्रशैवालांचे सायनोटाइप, म्हणजे लोहक्षारांनी उमटणारे निळे प्रिंट, याच तत्त्वावर केले होते आणि १९२० च्या दशकात हंगेरियन कलाकार मोहोली-नॉज यांनी त्यातून शुद्ध अमूर्त रचना घडवल्या.

रंग हवे असतील तर रंगीत निगेटिव्हचे प्रिंट काढायचा कागद घ्या. काचेचे तुकडे, पाण्यात तेलाचे थेंब, चुरगळलेला सेलोफेन यांतून रंगीत प्रकाश क्षणभर कागदावर पाडा. खरी गंमत इथे आहे: कागद रंग उलटवतो. निळ्या प्रकाशाने पिवळा, हिरव्याने किरमिजी, लाल प्रकाशाने मोरपिशी रंग उमटतो, कारण कागदाचा प्रत्येक थर आपल्या प्रकाशाचा पूरक रंग तयार करतो. एकावर एक प्रकाश टाकत गेलात की रंग मिसळून गडद होतात, म्हणून सुरुवात कमी प्रकाशाने करा. मात्र हा कागद डार्करूममध्ये वापरतात त्या लाल दिव्यालाही संवेदनशील असतो. त्यामुळे सगळं काम पूर्ण अंधारात, हातांच्या अंदाजाने करावं लागतं आणि शेवटी रसायनांत डेव्हलप करावं लागतं.

डार्करूम नसेल तर कृष्णधवल छायाचित्रांच्या कागदावर पानं किंवा काच ठेवून तो तास-दोन तास उन्हात ठेवा. डेव्हलपर न लावताच गुलाबी, जांभळ्या, तपकिरी छटा येतात. फिक्सरमध्ये, म्हणजे चित्र टिकवणाऱ्या रसायनात, त्या बदलतात, म्हणून आधी स्कॅन करा.