मोबाइलशिवाय घास उतरत नाही

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मोबाइल लावल्याशिवाय तोंडच उघडत नाही. सासूबाई वाटी घेऊन तासभर तिच्यामागे फिरतात. हे रात्री साडेनऊला घरी येतात, त्यामुळे एकत्र जेवण जमत नाही. एकत्र जेवल्याने नेमकं काय साधतं आणि सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सुरुवात भुकेपासून करा. या वयाला दिवसाला ४००–५०० मिली दूध पुष्कळ झालं. त्यावर दूध, संध्याकाळी बिस्किटं, मध्ये चिवडा असं चालू असेल, तर पानावर बसताना तिला भूकच नसते आणि मग मोबाइल लागतो. दोन खाण्यांत अडीच-तीन तास फक्त पाणी द्या. पडद्याकडे पाहताना मूल नुसतं तोंड उघडतं. चवही कळत नाही आणि पोट भरलेलंही. शिवाय धावता धावता खाल्लं की घास घशात अडकायची भीती असतेच.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी कामाची वाटणी सांगितली आहे : काय, केव्हा आणि कुठे खायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, किती खायचं, की खायचंच नाही, हे मुलाने. म्हणून पान लहान वाढा. चतकोर पोळी, दोन चमचे वरण-भात, चमचाभर भाजी. ‘अजून हवं’ हे तिच्या तोंडून येऊ द्या. वीस-पंचवीस मिनिटांनी न रागावता ताट उचला. पहिले चार-पाच दिवस ती कमी खाईल. नेमकं इथेच बिनसतं : पोर उपाशी झोपेल म्हणून रात्री नऊला आजी बिस्किट देते आणि सगळं मुसळ केरात जातं. आजीची माया खरीच आहे, म्हणून त्यांना आधी विश्वासात घ्या आणि वेगळं काम द्या. भरवायचं नाही, शेजारी बसून स्वतः जेवायचं.

बाबांसाठी तिला साडेनऊपर्यंत ताटकळत ठेवू नका. झोप आणि भूक दोन्ही बिघडतात. साडेसातला तुम्ही किंवा आजी सोबत जेवा, बाबांबरोबर सकाळची न्याहारी आणि सुट्टीचं जेवण. सोबत एकच मोठं माणूस असलं तरी पुरे, पण ते खरंच जेवत असायला हवं. ओट्याशी उभं राहून पोळ्या वाढणारी आई यात धरायची नाही. खुर्चीवर बसवत असाल तर पायाखाली स्टूल ठेवा. पाय लोंबकळले की मूल चुळबुळतं.

आता साधतं काय? आजी कारलं आवडीने खाताना ती पाहते. नवी भाजी स्वीकारायला मुलांना आठ-दहा, कधी पंधरा वेळाही ती पानात दिसावी लागते. आपण तिसऱ्या वेळीच हरतो. ‘भाजी संपव, मग श्रीखंड’ हेही टाळा. लीअ‍ॅन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत, बक्षिसासाठी खायला लावलेला पदार्थ मुलांना पुढे कमी आवडू लागला.

भाषेचा लाभ तर मोठाच. हार्वर्डच्या कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टन परिसरातल्या कुटुंबांची जेवतानाची बोलणी ध्वनिमुद्रित केली. त्यांत कमी वापरातले शब्द जास्त ऐकणाऱ्या मुलांचा शब्दसंग्रह पुढे मोठा आढळला. आपल्याकडे तुरट, खमंग, उष्टं, खरकटं हे शब्द पानावरच कळतात. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबणं, शेवटच्या पुरीचे दोन तुकडे करणं हेही तिथेच. तिलाही काम द्या : पाण्याची भांडी मांडणं, मीठ-लिंबू डावीकडे ठेवणं.

वजन महिनोन्‌महिने वाढत नसेल, घास गिळताना खोकला येत असेल किंवा मूल फिकट दिसत असेल, तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा. जेवताना ‘हं’पलीकडे बोलत नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : पानावर मार्क, गृहपाठ आणि तक्रारी काढता का? तसं असेल तर लवकर उठून जाणं हीच त्याची सुटका. हे विषय जेवणानंतर घ्या. ‘शाळा कशी होती?’ याला ‘बरी’ एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी ‘आज डब्यातलं कोणी पळवलं?’ असं विचारा. त्याआधी तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा, फसलेलं कामसुद्धा. आणि सगळ्यांचे फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, तुमचाही.