अमेरिकन यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई जुन्या नकाशांवरून समजून घ्यायची तर सुरुवात कुठून करावी?

आधी बघा, नकाशा लढाईपूर्वीचा की नंतरचा. पूर्वीच्या नकाशावरून सेनापतीला काय माहीत होतं ते कळतं. जमीन खरंच तशी होती असं नाही. १८६२ मध्ये उत्तरेकडच्या राज्यांचा सेनापती मॅकलेलन याच्या नकाशांवर व्हर्जिनियातली वॉरविक नदी त्याच्या सैन्याच्या वाटेला समांतर होती, प्रत्यक्षात ती आडवी निघाली!

गेटिसबर्गसाठी (१ ते ३ जुलै १८६३) १८६८-६९ चा वॉरेन सर्व्हे घ्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी रणभूमी मोजून काढलेला नकाशा. १ इंचाला २०० फूट, समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) ४-४ फुटांवर. चढ नुसत्या रेघांनी दाखवणाऱ्या नकाशात उंचीचा आकडाच नसतो. पिकेटच्या हल्ल्यात (दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याचा तिसऱ्या दिवशीचा हल्ला) सैनिक मधल्या सखल पट्ट्यांत काही वेळ तोफांच्या नजरेआड कसे गेले, ते ४ फुटी रेषांशिवाय समजत नाही. हल्ला जिथून निघाला त्या सेमिनरी रिज टेकाडापासून एमिट्सबर्ग रोड ओलांडून समोरच्या सेमेटरी रिजपर्यंत जमिनीचा उभा छेद काढा.

क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक प्रणालीत जुना नकाशा आजच्या नकाशावर बसवताना दोन्हींत सापडणाऱ्या ८-१० खुणा घ्या: रस्त्यांचे तिठे, दगडी घरं, रेल्वेची खोदाई. ओढ्याचा काठ नि झाडीची कड नको, त्या सरकतात. जुळवणीच्या पद्धतींपैकी थिन प्लेट स्प्लाइन टाळा. तीत प्रत्येक खूण ओढून जुळवल्यामुळे चूक दिसतच नाही. साधी पॉलिनोमियल १ ही पद्धत वापरा आणि जी खूण फार हटते ती तपासा.

लढाईचा इतिहास जमवणाऱ्या बॅचेल्डरच्या नकाशांतल्या तुकड्यांच्या जागा बऱ्याच अंशी सैनिकांच्या आठवणींवर बेतलेल्या आहेत. वेळांवर तर मुळीच विसंबू नका. प्रमाणवेळ नव्हती, घड्याळं जुळवलेली नसायची.