इजिप्तला निघालीस, तर यादी आधी निम्मी कर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. आठ दिवसांत कैरो, अलेक्झांड्रिया, लक्सर, आस्वान, अबू सिंबेल आणि वर तांबड्या समुद्रावर दोन रात्री! अगं, हा देश महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठा आहे. कैरोहून लक्सर साधारण साडेसहाशे किलोमीटर, तिथून आस्वान सव्वादोनशेच्या आसपास आणि अबू सिंबेल त्याच्याही पुढे २८०. अशा यादीत निम्मी सुट्टी गाडीत जाते. अलेक्झांड्रिया आणि समुद्र खोडून टाक. ते पुढच्या खेपेला.

दुसरी गोष्ट महिन्याची. मे महिन्यात सुट्टी मिळते आणि आपण नागपूरचे, उन्हाचं काय, असं तू लिहिलंस. पण आपण ऊन सोसतो ते कसं, हे जरा आठव. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, दुपारी बाराला आपण बाहेर पडतो का? दारं-खिडक्या लोटून कूलरसमोर बसतो, हाताशी पन्हं असतं, निघावंच लागलं तर डोक्याला दुपट्टा गुंडाळतो. तिथे मात्र सहलवाले नेमकं दुपारी उघड्यावर उभं करतात. लक्सरला राजांच्या थडग्यांची दरी म्हणजे चुनखडीचे बोडके डोंगर, सावलीला एक झाड नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. पहाटे वाळवंटात चांगलीच थंडी असते, स्वेटर घे. रमजानच्या तारखाही बघ. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सध्या हिवाळ्याच्या अखेरीला येतो. त्या काळात बरीच ठिकाणं लवकर बंद होतात.

हिवाळ्यातही दिवस आपल्या घरच्यासारखाच आख. उजाडता उजाडता मंदिरं आणि थडगी, दुपारी जेवण आणि झोप किंवा म्युझियम, ऊन उतरल्यावर पुन्हा बाहेर. लक्सरचं गावातलं मंदिर तर दिवे लागल्यावरच बघ.

कैरोत गिझाचे पिरॅमिड आणि तिथलं नवं ग्रँड इजिप्शियन म्युझियम यांना दोन वेगळे दिवस दे. तुतनखामेन राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांवर वस्तू आता या म्युझियममध्ये आहेत. सगळ्या बघायचा हट्ट धरू नकोस. आधी एखाद्या रविवारी आपल्या नागपूरच्या म्युझियममध्ये, अजब बंगल्यात जा आणि एकाच दालनात तासभर थांब. मन किती वेळ थाऱ्यावर राहतं ते तुझं तुलाच कळेल, त्या हिशेबाने तिथली दालनं निवड.

लक्सरच्या दरीत साध्या तिकिटावर तीन थडगी बघता येतात. तुतनखामेनचं थडगं १९२२ मध्ये खजिन्यासकट सापडलं म्हणून सगळे तिकडे धावतात. त्याची ममी तिथेच आहे, पण थडगं लहान आहे आणि खजिना कैरोला गेलेला. माझं ऐकशील तर त्याच्या तिकिटाचे पैसे पहिल्या सेती राजाच्या थडग्यासाठी ठेव. त्याचं तिकीट वेगळं आणि महाग आहे, तरी काढ. डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून जास्त आत उतरत जायचं, दोन्ही भिंतींवर रंगवलेलं कोरीवकाम, आणि शवपेटीच्या दालनात वर गडद निळ्या छतावर नक्षत्रं. वाटेत एका खोलीत चित्रं नुसती काळ्या रेषांनी आखलेली आहेत, कोरायची राहून गेलेली. तिथे घाई करू नकोस. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा हात कुठे वळला, ते तिथे दिसतं.

अबू सिंबेल मात्र यादीतून काढू नकोस. आस्वानच्या मोठ्या धरणात ते बुडणार होतं, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात डोंगरातलं ते अख्खं मंदिर कापून, तुकड्या-तुकड्यांनी वर नेऊन पुन्हा उभारलं. त्या काळी न्युबियात, म्हणजे आस्वानच्या दक्षिणेच्या नाईलकाठच्या मुलखात, उत्खननाला आपल्या पुरातत्त्व खात्याचं पथकही गेलं होतं. मंदिर वाचलं, पण हजारो न्युबियन लोकांची गावं पाण्याखाली गेली. आपल्याकडच्या गोसीखुर्द धरणाची विस्थापित माणसं आपण जवळून पाहिली आहेत, म्हणून सांगते, आस्वानला एखाद्या न्युबियन वस्तीत जा, चहा घे, त्यांचं ऐक. २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला सूर्यकिरण मंदिराच्या गाभाऱ्यात पोचतात. त्या दिवशी गर्दी फार, ते दिवस टाळ.

खाण्याची काळजी नको. कोशरी नावाचा प्रकार जागोजागी मिळतो. भात, मसूर, मॅकरोनी, हरभरे, वर टोमॅटोची आंबट-तिखट चटणी आणि तळलेला कांदा. पोटभरीचा आणि शाकाहारी. मोठ्या ठिकाणी तिकिटाला बहुधा कार्डच लागतं, तेव्हा परदेशी व्यवहार बँकेकडून आधीच सुरू करून घे. बक्षिशी मात्र पावलोपावली द्यावी लागते, त्यासाठी सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेव. थडग्यात कुणी आपणहून कोपरा दाखवायला आलं आणि नको असेल, तर पहिल्याच वेळी ठाम नाही म्हण. व्हिसाचा अर्ज तिकिटाआधी बघ. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नकोस, दूतावासाचे नियम स्वतः वाच.

खोडलेली यादी घेऊन रविवारी संध्याकाळी घरी ये. नकाशा पसरून दिवस एकेक करून बसवू.

तुझी,
मावशी